घाटावरचा माल, बंदरावरची धूळ

समुद्रकिनाऱ्यापासून दूर, घाटमाथ्याच्याही अलीकडे राहणाऱ्या हुबळी-धारवाडच्या माणसाने बंदरांविषयी लिहावे, हे अनेकांना चमत्कारिक वाटेल. कारवार इथून गाडीरस्त्याने दीडशेहून अधिक किलोमीटर. आमच्या मुलांना समुद्र दिसतो तो सहलीत, वर्षातून एकदा, गोकर्णाला किंवा कळंगुटला. तरीही इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला असे ठामपणे वाटते की, आजची हुबळी ही बंदरांनी घडवलेली नगरी आहे. इथला कापूस, इथली रेल्वे, इथले वर्कशॉप, इतकेच काय पण आपल्यापैकी अनेक मराठी कुटुंबांचे इथे येणे, या साऱ्यांचे मूळ शोधत गेले की पाऊलवाट शेवटी कुठल्या ना कुठल्या धक्क्यावर जाऊन थांबते.

हे खरे असेल, तर दुसरी गोष्टही ओघानेच येते. बंदराने आपल्याला जे दिले त्याचा हिशेब जसा आपण सांगतो, तसाच बंदराचे, तिथल्या पाण्याचे आणि वाटेवरच्या रानाचे आपल्यापायी काय झाले, याचाही हिशेब आपणच मांडायला हवा. आज ‘हरित बंदर’ हा शब्द सरकारी कागदपत्रांत आणि वर्तमानपत्रांत वारंवार वाचायला मिळतो. हा शब्द नवा आहे. प्रश्न मात्र जुना आहे. त्या जुन्या प्रश्नाची आपल्या भागापुरती हकीकत सांगावी, एवढाच या लेखाचा हेतू.

कापसाने हलवलेली सरहद्द

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत धारवाड प्रांतातला माल बैलांच्या पाठीवर आणि पुढे गाड्यांतून घाट उतरत असे. लमाणांचे तांडे खाली कापूस व धान्य नेत आणि वर येताना मीठ, नारळ, सुपारी आणत. कुमठा हे त्या वेळचे मुख्य बंदर. इतके मुख्य, की धारवाडकडच्या देशी कापसाला लँकेशायरच्या बाजारात ‘कुमठा’ हेच नाव पडले. कापूस पिकला नवलगुंद-गदगच्या काळ्या रानात, नाव लागले बंदराचे! १८४०च्या दशकात कंपनी सरकारने इथे अमेरिकन बियाणे रुजवण्याचे प्रयोग केले आणि ‘धारवाड-अमेरिकन’ ही जात नावारूपाला आली.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर आपल्या भागावर खिळली. कुमठ्याला मोठी जहाजे किनाऱ्याला लागू शकत नव्हती. कारवारची खाडी मात्र खोल आणि आडोशाची. तेव्हा कारवारला मोठे बंदर करावे, धारवाडपासून तिथवर चांगला रस्ता काढावा, पुढे रेल्वेही न्यावी, असा आग्रह तिकडच्या व्यापाऱ्यांनी धरला. कारवार होते मद्रास इलाख्यात आणि कापूस होता मुंबई इलाख्यात. ही अडचण सरकारने कशी सोडवली? १८६२ साली उत्तर कानडा जिल्हाच मद्रासकडून काढून मुंबई इलाख्याला जोडला!

सीमाभागातल्या वाचकांनी या घटनेकडे थोडे थांबून पाहावे. सरहद्दी भाषेवरून आखाव्यात की लोकसंख्येवरून, यावर आपण पिढ्यान्‌पिढ्या वाद घातले आहेत. इथे एक सबंध जिल्हा एका इलाख्यातून दुसऱ्या इलाख्यात गेला, तो मुख्यतः गासड्यांच्या सोयीसाठी. तिथल्या कोळ्याला, हालक्की वक्कलाला, रानातल्या कुणब्याला कोणी विचारले नाही. बंदराचा निर्णय बंदराजवळ राहणाऱ्याला न विचारता व्हायचा, ही चाल तेव्हापासूनची आहे.

पुढे १८६५ साली अमेरिकेतले युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि कारवारच्या रेल्वेची योजना रखडत रखडत बारगळली. आरबैल घाटाचा रस्ता तेवढा राहिला.

मुरगावची गाडी

रेल्वे आली ती वेगळ्याच बंदराला धरून. २६ डिसेंबर १८७८ रोजी ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात गोव्यासंबंधी करार झाला आणि मुरगावला (ज्याला साहेब लोक मार्मागोवा म्हणत) बंदर व तिथून घाटावर रेल्वे बांधायचे ठरले. पोर्तुगीज हद्दीतली लाइन एका इंग्रजी कंपनीने बांधली, तर घाटावरची बाजू १८८२ साली स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वेने. १८७६ ते ७८ चा भयंकर दुष्काळ ताजा होता. धान्य पोहोचवायला गाडी नव्हती म्हणून माणसे मेली, हे सरकारला उमगले होते. म्हणून या रेल्वेच्या मागे दुष्काळनिवारणाचाही हेतू होता. १८८८ साली कॅसल रॉकपर्यंतचा घाट पुरा झाला. सदतीस फुटांना एक फूट अशा चढाचा तो ब्रागांझा घाट आणि त्यावरचा दूधसागर आपण सर्वांनी खिडकीतून पाहिलेला आहे.

या रेल्वे कंपनीची मुख्य कचेरी धारवाडला होती. आज ज्या इमारतीत कर्नाटक कॉलेज भरते, तीच ती इमारत. हुबळीला १८८५ साली वर्कशॉप सुरू झाले. सावंतवाडी, मालवण, बेळगाव, मिरज इकडून कारागीर, कारकून, फिटर, गार्ड येऊन इथे वसले. माझे आजोबा त्यांतलेच; वडील याच वर्कशॉपात फिटर होते. घरात मराठी, गल्लीत कन्नड, कारखान्यात दोन्हींचे मिश्रण आणि साहेबापुरती मोडकी इंग्रजी, अशी जी आपली रीत झाली ती या लाइनीमुळे. तेव्हा मी बंदरांच्या किंवा रेल्वेच्या विरोधात काही लिहीन, असे कोणी समजू नये. ज्या पानात जेवलो त्या पानाला मी नावे ठेवणार नाही. पण पानात काय वाढले आहे, हे पाहून जेवावे, एवढे तर म्हणता येईल.

बंदरात उतरते ते घाट चढते

बंदरातून माल येतो, तशी न मागितलेली वस्तूही येते. १८९६ साली मुंबईत प्लेग सुरू झाला. तो हाँगकाँगकडून जहाजांतून आला, असे सामान्यतः मानले जाते. तिथून तो लोहमार्गाने पसरत दक्षिणेकडे सरकला आणि १८९८ साली हुबळी-धारवाडला त्याने जो कहर केला, त्याच्या आठवणी आमच्या आजीच्या पिढीच्या तोंडी होत्या. लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहिले. डॉ. हाफकिन यांनी आदल्याच वर्षी मुंबईत तयार केलेली प्रतिबंधक लस त्या साथीत हुबळीत हजारो लोकांना टोचण्यात आली. इतक्या मोठ्या प्रमाणावर लस टोचली गेलेल्या सुरुवातीच्या गावांत हुबळीची गणना होते. त्याच १८९८ साली कराचीला सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टराने उंदरावरच्या पिसवेतून प्लेग पसरतो हे दाखवले. कराची, मुंबई, हाँगकाँग: सगळी नावे बंदरांचीच.

त्या काळातही ‘जहाजे अडवली तर व्यापार बुडेल’ असाच ओरडा झाला. तरी १८९७ साली व्हेनिसला राष्ट्रांची परिषद बसली, जहाजांच्या तपासणीचे नियम झाले आणि पुढे १९२६ सालच्या करारात तर जहाजातले उंदीर नष्ट केल्याचा दाखला ठेवण्याची पद्धत आली. व्यापार बुडाला नाही. उंदीर कमी झाले. आजच्या जहाजांच्या धुरासंबंधीचे वाद वाचताना मला हा प्रसंग नेहमी आठवतो. एका देशाने नियम केला की जहाज दुसऱ्या बंदराकडे वळते. सगळ्यांनी मिळून केला तर जहाजाला कुठेही पळता येत नाही. समुद्रावरचे शहाणपण हे असे सामुदायिकच असावे लागते.

आज्ञापत्रातले आरमार

आणखी मागे गेलो तर आपल्याच घरात एक दाखला सापडतो. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ हे शिवकालीन राजनीतीचे सार मानले जाते. अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या या ग्रंथात आरमारावर एक प्रकरण आहे. जहाजांना लाकूड लागते; ते कुठून, कसे आणावे? अमात्य सांगतात त्याचा मथितार्थ असा: सागवानासारखे लाकूड राज्यातल्या रानांतून सरकारच्या परवानगीने तोडावे, कमी पडल्यास बाहेरून विकत आणावे. आंबा-फणसाचे लाकूडही आरमाराच्या उपयोगाचे खरे, पण त्याला हात लावू देऊ नये. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड फारच जीर्ण झालेले असेल, तर मालकाची समजूत घालून, त्याला मोबदला देऊन, त्याच्या संतोषाने न्यावे. बळजोरी करू नये.

यातली तीन तत्त्वे पाहा. आरमार हवेच, त्याबद्दल शंका नाही. पण त्यासाठी लागणारी वस्तू पुन्हा निर्माण व्हायला किती काळ लागतो, याचा विचार आधी. आणि ज्याचे नुकसान होणार, त्याची संमती व भरपाई त्याच्याही आधी. तीनशे वर्षांपूर्वीच्या राजकर्त्याला हे सुचले होते.

पुढच्या काळात हा विवेक सुटला. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेल्या सागवानी जहाजांची कीर्ती जगभर झाली. १८१७ साली बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात जतन करून ठेवले आहे. त्या सागवानासाठी पश्चिम किनाऱ्यावरची राने उतरली. उत्तर कानड्यातले ओंडके काळी नदीतून कारवारकडे तरंगत जात. १८४७ साली मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झालेले डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी डोंगर उघडे पडले की माती नद्यांत येते आणि गाळाने बंदरे भरतात, याकडे सरकारचे लक्ष वेधले. घाट आणि बंदर ही एकाच शरीराची अंगे आहेत, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

जुन्या गलबतांविषयी हळवे होऊन बोलण्याचा माझा स्वभाव नाही. शिडाच्या जहाजांत माणसे बुडत होती आणि खलाशांचे हाल कुत्रा खात नव्हता. पण एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. पावसाळ्यात आपली बंदरे मिटत आणि नारळी पौर्णिमेला उघडत. त्या महिन्यांत समुद्राला, माशांना आणि माणसांनाही विसावा मिळे. वाफेच्या आणि पुढे तेलाच्या इंजिनांनी तो विसावा संपवला.

खनिज गेले, कोळसा आला

गोवा मुक्त झाल्यावर मुरगाव हे देशाचे प्रमुख बंदर झाले आणि लोहखनिजाच्या निर्यातीवर वाढले. त्याआधी, १९५५ नंतर काही वर्षे, घाटातली गाडी राजकीय कारणाने बंदच होती. पुढे १९९०च्या दशकात मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आले. चीनची मागणी वाढली तशी बळ्ळारी-होस्पेटची माती मुरगाव, कारवार आणि बेलेकेरी बंदरांकडे धावू लागली. हुबळीवरून अंकोल्याकडे जाणाऱ्या खनिजाच्या ट्रकांच्या रांगा आणि रस्त्याकडेची तांबडी झाडे ज्यांनी त्या वर्षांत पाहिली, त्यांना वर्णनाची गरज नाही. २०१० साली बेलेकेरीला सुमारे पाच लाख टन खनिज जप्त झाले आणि त्यातले बरेचसे नंतर जागेवरून नाहीसे झाले. त्याच वर्षी कर्नाटक सरकारने आपल्या बंदरांतून खनिज निर्यात थांबवली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने बळ्ळारीतल्या खाणींना स्थगिती दिली. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद झाल्या आणि २०१८ साली तिथले ८८ खाणपट्टे न्यायालयाने रद्द ठरवले.

मग प्रवाह उलटा झाला. पूर्वी जहाज रिकामे येई आणि भरून जाई. आता ते परदेशी कोळसा भरून येते. हा कोळसा मुरगावला उतरतो, वाघिणींत भरला जातो आणि कुळे, कॅसल रॉक, लोंढा, अळणावर, धारवाड, हुबळी, गदग, होस्पेट असा प्रवास करून तोरणगल्लूच्या पोलाद कारखान्यापर्यंत पोहोचतो. आपण फाटकापाशी उभे राहून जी लांबलचक काळी मालगाडी मोजतो, ती हीच. त्या पोलादाच्या सळ्या आपल्या घरांच्या स्लॅबमध्ये आहेत.

वास्कोच्या रहिवाशांनी घरांत बसणाऱ्या काळ्या धुळीविषयी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या. बंदराचा मार्ग अधिक खोल करण्याचे काम जनसुनावणी न घेता सुरू झाले, तेव्हा पारंपरिक मच्छिमार राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले आणि २०१६ साली त्यांच्या बाजूने निकाल झाला. एप्रिल २०१७ मध्ये वास्कोला सुनावणी झाली, तेव्हा लोक दिवसच्या दिवस बोलायला उभे राहिले. पुढे घाटातला लोहमार्ग दुहेरी करण्याचा प्रस्ताव आला. तो मोले अभयारण्यातून जाणार आणि इकडच्या बाजूला काळी व्याघ्र प्रकल्पाचे रान. नोव्हेंबर २०२०च्या पहिल्या रात्री चांदोरच्या फाटकावर हजारो गोवेकर जमले. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कॅसल रॉक ते कुळे या टप्प्याला वन्यजीव मंडळाने दिलेली मान्यता रद्द केली. हवे असल्यास सविस्तर अभ्यास करून पुन्हा या, असे सांगितले.

आणखी एक संकट डोळ्यांना दिसत नाही. रिकामे जहाज समुद्रात तोल सांभाळण्यासाठी टाक्यांत हजारो टन पाणी भरून घेते आणि माल चढवताना ते बंदरात सोडते. त्या पाण्यातून दूरदेशीचे जीव येतात. कॅरिबियन समुद्राकडला एक छोटा शिंपला अशा परप्रवासी जीवांपैकीच. तो आता विशाखापट्टण आणि मुंबईच्या बंदरांत ठाण मांडून आहे. म्हणजे रिकामे जहाज कधीच रिकामे येत नाही. प्लेगच्या उंदराचाच हा दुसरा अवतार. यासाठी २००४ साली आंतरराष्ट्रीय करार झाला, पण तो अमलात यायला ८ सप्टेंबर २०१७ उजाडले. तेरा वर्षांत किती जहाजांनी किती पाणी सोडले असेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

धुराचा हिशेब

जगातल्या एकूण हरितगृह वायूंपैकी सुमारे तीन टक्के जहाजांच्या धुराड्यांतून निघतात. टनामागे पाहिले तर जहाज हे ट्रकपेक्षा पुष्कळच काटकसरीचे वाहन. हे न्यायाने मान्य केले पाहिजे. पण ते जाळते काय? तेलशुद्धीत सर्व चांगला भाग काढून घेतल्यावर उरलेले डांबरासारखे जाड तेल. त्यात गंधक इतके की २०१९ अखेर साडेतीन टक्क्यांपर्यंतची मुभा होती. १ जानेवारी २०२० पासून ती अर्ध्या टक्क्यावर आली. धक्क्याला लागलेले जहाजही दिवे, पंप आणि शीतयंत्रे चालवण्यासाठी इंजिन चालूच ठेवते आणि तो धूर सरळ गावात जातो. धक्क्यावरूनच जहाजाला वीज द्यावी आणि इंजिन बंद करावे, हा त्यावरचा साधा उपाय. स्वीडनच्या गोथेनबर्ग बंदराने तो मोठ्या मालवाहू जहाजांसाठी २००० सालीच केला. ती वीज कोळशावरच केलेली असेल तर धूर फक्त गाव बदलतो, हेही ध्यानात ठेवावे.

समुद्राचे कायदे बहुधा अपघातानंतर झाले. १९६७ साली ‘टोरी कॅन्यन’ हे तेलवाहू जहाज इंग्लंडजवळ खडकावर आदळले, त्यानंतर जहाजांच्या प्रदूषणाविषयीचा १९७३ चा मोठा करार झाला. आपल्याकडे २०१० साली मुंबईजवळ ‘चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर होऊन तेल किनाऱ्याला लागले. २५ मे २०२५ रोजी केरळजवळ ‘एल्सा-३’ हे जहाज ६४० कंटेनरांसह बुडाले. २०५० च्या सुमारास जहाजांचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणावे, असे राष्ट्रांनी २०२३ साली ठरवले. पण त्यासाठी कार्बनला किंमत लावण्याचा निर्णय ऑक्टोबर २०२५ मध्ये वर्षभर पुढे ढकलला गेला.

आपल्या सरकारनेही मे २०२३ मध्ये ‘हरित सागर’ ही बंदरांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. टनामागचे कार्बन उत्सर्जन २०३० पर्यंत ३० टक्के आणि २०४७ पर्यंत ७० टक्के घटवावे, हे त्यांतले उद्दिष्ट. आणि यात आपले मुरगाव मागे नाही. ऑक्टोबर २०२३ पासून ‘हरित श्रेय’ या योजनेखाली, कमी प्रदूषण करणाऱ्या जहाजांना त्यांच्या आंतरराष्ट्रीय गुणांकानुसार बंदर शुल्कात सवलत मिळू लागली. अशी सवलत देणारे ते भारतातले पहिले बंदर. चांगल्याला चांगले म्हणावे. शाळेत आम्हीही नीट वागणाऱ्या मुलाला शाबासकी देतो, त्याने वर्ग सुधारतो.

बंदराचे कुंपण कुठे संपते?

पण इथेच माझा मुख्य मुद्दा येतो. या सगळ्या मोजमापात बंदर म्हणजे कुंपणाच्या आतली जागा. आतले क्रेन विजेवर चालले, छपरावर सौर पाट्या बसल्या, आलेल्या जहाजाचा धूर कमी झाला की बंदर हिरवे झाले. वाघीण फाटकाबाहेर पडली की तिची धूळ कोणाच्याच वहीत नाही. घाटातली झाडे रेल्वेच्या वहीत, कारखान्याचा धूर कारखान्याच्या वहीत, मच्छिमाराचे जाळे तर कोणत्याच वहीत नाही. स्वच्छ जहाजातून आलेला कोळसा कोळसाच असतो.

दीडशे वर्षांचा इतिहास सांगतो की बंदर कधीही कुंपणापाशी संपले नाही. कुमठ्याचे बंदर नवलगुंदच्या शेतात सुरू होत होते. मुरगावचे बंदर आज तोरणगल्लूला संपते आणि त्याच्या बरोबर मध्ये हुबळी-धारवाड आहे. १२ मार्च २०२३ रोजी हुबळीच्या दीड किलोमीटर लांब फलाटाचे लोकार्पण झाले, त्याच दिवशी होस्पेट-तिनईघाट मार्गाचे विद्युतीकरणही देशाला अर्पण झाले. डिझेलचा धूर कमी झाला, याचा आनंद आहे. मग उरलेलेही करता येण्यासारखे आहे. कोळशाचे ढीग छपराखाली असावेत, पट्टे बंदिस्त असावेत, वाघिणी झाकलेल्या असाव्यात. यातली एकही गोष्ट रॉकेटविद्या नाही. आणि धुळीचे मोजमाप वास्कोपुरते न ठेवता लोंढा, अळणावर, धारवाड इथेही व्हावे व ते कन्नड, मराठी, कोंकणी अशा लोकांना वाचता येणाऱ्या भाषांत फलकावर लागावे.

आमच्या स्टाफरूममध्ये हा विषय निघतो तेव्हा गणिताचे सर म्हणतात, ‘‘हेडसर, कोळसा नको तर पोलाद कशाचे करायचे? आणि बंदर नको तर पोरांना नोकऱ्या कुठल्या?’’ प्रश्न रास्त आहे, आणि त्याला भावनेने उत्तर देता येणार नाही. पोलाद लागणारच. पण किती, कशाने आणि कोणत्या वाटेने, हे विचारता येते. हुबळी-अंकोला रेल्वेमार्गाची मागणी आपल्या शहरात जुनी आहे. कारवारची रेल्वे हे तर मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांपासूनचे स्वप्न. त्या मार्गासाठी सुमारे ६०० हेक्टर वनजमीन लागणार, म्हणून तो वाद वर्षानुवर्षे चालला. आपल्या व्यापाऱ्यांची निकड मला कळते. परंतु ज्या खनिजाच्या भरवशावर त्या मार्गाचा हिशेब मांडला गेला, त्या खनिजाचा चढ-उतार आपण दहा वर्षांत डोळ्यांनी पाहिला. कापसाचा भाव चार वर्षांत कोसळला होता. मालाचा बाजार चार-दहा वर्षांचा आणि रान शेकडो वर्षांचे. अमात्यांनी आंबा-फणसाबद्दल केलेला विचार तो हाच.

महाराष्ट्रातल्या वाढवणचे उदाहरणही बोलके आहे. डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अध्यक्ष असताना, १९९८ साली तिथल्या बंदराला नकार दिला. त्याच प्राधिकरणाने २०२३ साली अटींसह मान्यता दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. खर्च ७६ हजार कोटी रुपयांहून अधिक. पंचवीस वर्षांत समुद्र बदलला नाही, मच्छिमारांचा विरोधही मावळला नाही; बदलली ती देशाची गरज आणि गरजेची व्याख्या. आता निदान त्या अटी कागदावर न राहता पाळल्या जातात की नाही, हे पाहणे सर्वांचे काम आहे.

आपण घाटावरचे लोक या प्रश्नात परके नाही, हे एवढ्या विवेचनावरून पटावे. माल आपला, गाडी आपल्या दारावरून, सळई आपल्या घरात. मग धूळ तेवढी वास्कोकरांची आणि झाड तेवढे मोल्याचे, असे कसे म्हणता येईल? १८६२ साली कोणालाही न विचारता जिल्हा हलवता आला, कारण विचारण्याची पद्धतच नव्हती. आज जनसुनावणी आहे, न्यायालय आहे, माहितीचा अधिकार आहे, आणि सीमाभागातल्या आपल्या मुलांना दोन-तीन भाषा येतात. त्यांनी कन्नडमधली अधिसूचना वाचावी, कोंकणीतले गाऱ्हाणे ऐकावे आणि मराठीत चार माणसांना समजावून सांगावे. दोन भाषांच्या उंबरठ्यावर राहण्याचा याहून चांगला उपयोग मला तरी सुचत नाही. आणि जिथे झाड घ्यावेच लागेल, तिथे ते मालकाच्या संतोषाने, पुरता मोबदला देऊन घेतले जाते की नाही, एवढे विचारायला त्यांनी शिकावे.